घोटभर पाण्याचा हिशेब

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्यात, आमच्या चार वर्षांच्या नातवाला जुलाब सुरू झाले. सकाळपासून चार-पाचदा झाले, दोनदा उलटी झाली आणि एरवी घर डोक्यावर घेणारे पोर मलूल होऊन सोफ्यावर पडून राहिले. सुनेने ऑफिसात रजा कळवली. मुलगा कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे धावला. सौभाग्यवतींनी तांदळाची पेज गॅसवर चढवली. मग अशा वेळी घरोघरी होते तसे झाले. प्रत्येकाचे मत निराळे! दूध बंद करा, असे सून म्हणाली. शेजारच्या काकू डोकावून सांगून गेल्या की, आज काही पोटात घालू नका, पोटाला विश्रांती द्या. मी बँकेत चौतीस वर्षे काढलेला माणूस. सर्वांचे शांतपणे ऐकून घेतले आणि निर्णय लांबणीवर टाकला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. ''आधी त्याला पाणी पाजा रे! चमच्या-चमच्याने पाजा. ओकला तरी पाजा.''

आईने आता पंचाऐंशी ओलांडली आहे. एरवी ती घरातल्या कशातच पडत नाही. भाजी कोणती करायची इथपासून गाडी कोणती घ्यायची इथपर्यंत तिचे उत्तर ठरलेले, ''तुम्हाला हवं ते करा.'' पण लहान मुलाचे पोट बिघडले की ती हुकूम सोडते. त्यामागे एक गोष्ट आहे. ती आमच्या घरात फारशी कुणी काढत नाही. आज काढतो आहे, कारण तिच्यातला अर्धा भाग आमच्या घरचा असला तरी उरलेला अर्धा विज्ञानाचा आहे आणि तो प्रत्येक घराला ठाऊक असायला हवा.

१९६६ चा पावसाळा

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, भीमेच्या काठचे. वडील तिथे प्राथमिक शिक्षक होते. १९६६ साली मी सात वर्षांचा होतो. आषाढी नुकतीच झाली होती, नदीला गढूळ पाणी आले होते आणि गावात ढाळ-वांत्यांची साथ सुरू झाली. कुणी तिला पटकी म्हणे, कुणी नुसतेच 'ते' म्हणे, कारण नाव घेतले की ते घरात येते अशी भीती. बायाबापड्यांनी मरीआईला दहीभात दाखवला. लाकडाचा छोटा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत नेऊन पलीकडच्या गावाच्या हद्दीत ठेवला. पुढे बँकेत लागल्यावर माझ्या लक्षात आले की, ही रोग दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग करण्याची पद्धत होती. त्या गावाने तो गाडा त्याच्या पुढच्या गावाला दिला असणार!

माझी धाकटी बहीण शकू तेव्हा अडीच वर्षांची होती. तिला दुपारी ढाळ लागले आणि संध्याकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले. मला आजही आठवते ते तिचे पाणी मागणे. माजघरात माठ होता. ती त्याच्याकडे बघून ''पाणी, पाणी'' करत होती आणि आजी माठाच्या पुढ्यात बसून होती. ''पानी नगं द्यूस गं,'' ती आईला सांगत होती, ''पानी दिलं की खालनं जातंय. पोटाला इसावा पायजेल.'' तालुक्याहून सायकलवर आलेल्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. फक्त ते शुद्ध मराठीत सांगितले. त्यांनी एक पुडी दिली, एक सुई टोचली आणि उद्या सकाळी सोलापूरला न्या म्हणाले. आईने पदराचे टोक ओले करून शकूच्या ओठांना लावले. सकाळ व्हायच्या आत शकू गेली.

त्यानंतर आई याविषयी कधी बोलली नाही. मात्र तेव्हापासून आमच्या घरात निजताना प्रत्येकाच्या उशाशी पाण्याचा तांब्या असतो. गाव सुटले, माठ गेला, शुद्ध पाण्याचे यंत्र भिंतीवर आले, तांब्या आहेच.

आतड्याचा जमाखर्च

आजी अडाणी होती, पण मूर्ख नव्हती. तिचे निरीक्षण बरोबर होते. पाणी दिले की जुलाब वाढल्यासारखे दिसतात. तिचा निष्कर्ष चुकला. का चुकला, हे समजायला आपल्या आतड्याचा रोजचा जमाखर्च पाहावा लागतो.

आपण दिवसभरात पाणी, चहा, आमटी, भाजी यांतून साधारण दोन लिटर पाणी पोटात घालतो. पण आतड्यात उतरते ते त्याहून पुष्कळ जास्त. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याचे स्राव मिळून सुमारे सात लिटर पाणी शरीर आपल्याच साठ्यातून तिथे ओतते. म्हणजे रोजची उलाढाल झाली नऊ लिटरच्या आसपास. यातले जवळजवळ सगळे आतडे परत शोषून घेते आणि शौचावाटे बाहेर पडते ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. इतकी चोख वसुली कुठल्याही बँकेला कधी जमलेली नाही!

जुलाबात हा हिशेब बिघडतो. आतड्यातून पाणी सुटणे वाढते, शोषण घटते, किंवा दोन्ही एकदमच होते. पटकीत तर मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभरसुद्धा पाणी जाऊ शकते. पाण्याबरोबर मीठ जाते, पोटॅशियम जाते, रक्तातले आम्ल-अल्काचे प्रमाण ढळते. रक्त आटते, नाडी बारीक होते, मूत्रपिंडे काम थांबवतात. थोडक्यात, जंतूच्या विषापेक्षा माणूस मरतो तो शरीरातली शिल्लक संपल्यामुळे.

लहान मुलांची शिल्लक मुळातच थोडी. दहा किलो वजनाच्या मुलाच्या शरीरातून एक लिटर पाणी कमी झाले की जिवावर बेतते. एक लिटर म्हणजे पाच पेले. शकूचे वजन दहा किलोच असेल.

खात्यातून सारखे पैसे जात असताना भरणा बंद ठेवायचा, याला आपण पोटाची विश्रांती म्हणत होतो.

एकोणिसाव्या शतकातला सुटलेला धागा

खरे तर ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आलीच नव्हती असे नाही. १८३१ साली इंग्लंडात पटकी पोहोचली तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासले. त्यातले पाणी आणि क्षार फार कमी झाले आहेत, आणि ते परत भरून दिले पाहिजेत, असे त्याने लिहिले. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि १८५० च्या दशकात हिंदुस्थानात तारायंत्राच्या लाइनी टाकण्याचे काम त्याने केले. त्याचे लिखाण वाचून १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ गावी थॉमस लाट्टा या डॉक्टरने एका मरणोन्मुख म्हातारीच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. बाई अक्षरशः उठून बोलू लागली. लाट्टा निर्धास्त होऊन दुसरीकडे गेला. इकडे जुलाब चालूच होते, शिरेतले पाणी मात्र थांबले होते. काही तासांतच ती गेली.

जोवर जाते आहे तोवर भरत राहायचे, हा धडा त्यात होता. पण निर्जंतुक पाणी आणि सुया नव्हत्या, उपायातच अपाय होई. धागा सुटला. पुढची कित्येक दशके डॉक्टर रुग्णाचे रक्त काढत राहिले आणि पाऱ्याची औषधे देत राहिले.

मधल्या काळात रोगाचे कारण उलगडत गेले. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्यातून पटकी पसरते आहे, हे जॉन स्नो याने घरोघर फिरून दाखवले. १८८४ साली रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात तिचा जंतू वेगळा केला. आपल्या मुंबईतल्या संस्थेला ज्यांचे नाव आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांनी पटकीवर लस केली आणि १८९२ साली पॅरिसमध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की, हा जंतू आतडे कुरतडत नाही, तो एक विष सोडतो आणि त्या विषाने आतड्यातून पाणी झरू लागते. तोवर पटकीत आतड्याचे अस्तरच सोलून निघते, असे मानले जाई. सोललेल्या आतड्याला पाणी देऊन काय उपयोग? आजीच्या 'इसाव्या'ला असा मोठमोठ्या ग्रंथांचा आधार होता.

शिरेतून सलाइन देण्याचे तंत्र या काळात सुधारले आणि शहरांतल्या रुग्णालयांत माणसे वाचू लागली. पण बाटली, नळी, सुई, डॉक्टर आणि खाट हे सगळे एका ठिकाणी हवे. भीमेच्या काठी त्यातले एकही नव्हते.

लॉकरच्या दोन किल्ल्या

मग तोंडाने पाणी का नाही द्यायचे? दिले तर ते आतड्यात शोषले जात नाही, ही अडचण. नुसते पाणी नीट शोषले जात नाही, मिठाचे पाणीही नाही. इथे विज्ञानाची एक सुंदर गंमत आहे, आणि ती मला बँकेतल्या लॉकरमुळे पटकन समजली.

लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात हे आपण जाणता. एक ग्राहकाची, एक बँकेची. एकटी कुठलीही लावा, दार हलत नाही. आपल्या लहान आतड्याच्या पेशींवर प्रथिनांची असंख्य बारीक दारे आहेत. त्यांतली काही अशी आहेत की मिठातले सोडियम आणि साखरेतले ग्लुकोज ही दोन्ही बरोबर आली तरच ती उघडतात. मग दोघे मिळून आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग येथे ही कल्पना मांडली. महत्त्वाचे म्हणजे, पटकीचे विष मीठ आत घेण्याचा नेहमीचा रस्ता अडवते, पण दोन किल्ल्यांचे हे दार त्या विषाला बंद करता येत नाही. घरात चोर शिरला आहे, पुढचे दार त्याने अडवले आहे, पण मागचे दार शाबूत आहे!

म्हणून मीठ एकटे नको, साखर एकटी नको. दोन्ही हवीत, तीही प्रमाणात. साखर फार झाली तर ती उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर लहान मुलाच्या मेंदूला धोका. १९६२ साली मनिला येथे क्षार-साखरेचे पाणी पाजण्याचा एक प्रयोग झाला, तेव्हा द्रावण फार तीव्र होते आणि काही रुग्ण दगावले. कल्पना बरोबर असली तरी प्रमाण चुकले की काय होते, याचे ते उदाहरण.

पुढे १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या बंगाली सहकाऱ्यांनी हिशेब नीट बसवला. रुग्णाच्या शरीरातून जेवढे गेले तेवढे मोजायचे आणि तेवढेच मीठ-साखरेचे पाणी त्याला पाजायचे. सलाइनची गरज एकदम खाली आली. तरीही बऱ्याच डॉक्टरांना वाटत होते की हे रुग्णालयात, मोजमाप करूनच जमणार. अडाणी नातेवाइकांच्या हाती ते कसे सोपवायचे?

बनगावची छावणी

त्याचे उत्तर १९७१ साली मिळाले. पूर्व पाकिस्तानातल्या अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावात पटकी उसळली. कलकत्त्याहून तिथे गेलेले डॉ. दिलीप महालनबीस तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. रुग्णालयाच्या दोन खोल्या, सोळा खाटा, आणि जमिनीवर माणसेच माणसे. त्या घाणीत गुडघे टेकून त्यांना रुग्णांच्या शिरा शोधाव्या लागत होत्या. छावण्यांत शंभरातले वीस-तीस रुग्ण मरत होते. सलाइन संपत आले.

महालनबीसांनी मग धाडस केले. कलकत्त्यात त्यांच्या संस्थेच्या वाचनालयाच्या खोलीत माणसे रांगेने बसवली. एकाने ग्लुकोज तोलायचे, दुसऱ्याने मीठ, तिसऱ्याने खाण्याचा सोडा. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. प्लास्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीने बंद करायच्या. छावणीत नळ लावलेल्या पिंपांत हे मिश्रण पाण्यात कालवून ठेवले आणि आयांना, भावांना, नवऱ्यांना सांगितले, पेला भरा आणि आपल्या माणसाला पाजत राहा. लोकांचा सलाइनवर विश्वास होता, म्हणून याला नाव दिले 'तोंडाने घ्यायचे सलाइन'. खर्च लिटरला काही पैसे.

दोन महिन्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. ज्यांच्यावर डॉक्टरांचा विश्वास नव्हता त्या नातेवाइकांनीच हे करून दाखवले होते. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी ते प्रत्यक्ष पाहिले आणि पुढे जगभर त्याचा पाठपुरावा केला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने १९७८ साली या शोधाला विसाव्या शतकातल्या बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधाचा मान दिला. यंत्र नाही, पेटंट नाही; मीठ, साखर आणि पाणी!

१९८० च्या दशकात बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका खेडोपाडी, घरोघर गेल्या आणि त्यांनी सव्वा कोटीच्या आसपास घरांतल्या आयांना शिकवले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. मला त्यातली एक युक्ती फार आवडली. शिकवणारीचा मोबदला तिने किती घरे केली यावर नव्हता, तर नंतर तपासणी करताना आईला किती आठवते यावर होता. कर्जमेळ्यात किती अर्ज भरले यावर शाबासकी देणाऱ्या आमच्या वरिष्ठांना ही गोष्ट तेव्हा सांगायला हवी होती.

घरात करायचे काय?

आता व्यवहाराचे. जुलाब सुरू होताच, डॉक्टरांची वाट न पाहता, तोंडाने द्रव देणे सुरू करावे. सरकारी दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात मिळणारे ओआरएसचे पाकीट सर्वांत चांगले. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र थोडे सौम्य केलेले आहे. एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. पाकीट अंदाजाने अर्धे-पाव करू नये. त्यावर जेवढ्या पाण्यात घालायला सांगितले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात सगळे पाकीट घालावे. कालवलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव घेऊन बघावी. अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मीठ घातलेली तांदळाची पेज, डाळीचे पाणी, पातळ ताक हेही उपयोगाचे. पेजेतला स्टार्च पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो, म्हणून कोकणातल्या आज्यांची पेज विज्ञानाच्या कसोटीला उतरते.

दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २००, आणि मोठ्या माणसाला हवे तेवढे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, पण चमच्या-चमच्याने, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने. अंगावरचे दूध बंद करू नये. मऊ भात, खिचडी, केळे असे खाणे चालू ठेवावे. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस झिंक द्यावे; त्याने आजार आटोपता होतो आणि पुन्हा होण्याची शक्यताही घटते. साध्या पाण्यासारख्या जुलाबाला बहुतेक वेळा प्रतिजैविके लागत नाहीत. जुलाब एकदम थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत. ते त्याचे कामच नव्हे. त्याचे काम शिल्लक राखण्याचे; जुलाब दोन-चार दिवसांत आपोआप थांबतात. ''एवढं पाजलं तरी जुलाब होताहेतच,'' म्हणून पाजणे बंद करणे म्हणजे माझ्या आजीची चूक नव्याने करणे.

डोळे खोल गेले, तोंड कोरडे पडले, रडताना अश्रू येईनात, लघवी कमी झाली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जाऊ लागली, तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली, मूल गुंगीत जाऊ लागले, पिता येईनासे झाले, शौचात रक्त दिसले, तर मात्र क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. तिथे शिरेतले सलाइन लागू शकते.

आमच्या चिरंजीवांनी केमिस्टकडून आणले होते एक रंगीत खोके, सफरचंदाच्या चवीचे. नावात ओआरएस ही अक्षरे ठळक. मी चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली, ही नोकरीतली सवय. साखर भरपूर आणि क्षार अगदीच कमी. मी ते बाजूला ठेवून त्याला पुन्हा पिटाळले. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. चांगले झाले. तरीही पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय आपली आपणच लावून घेतलेली बरी.

१९८० च्या सुमारास जगात पाच वर्षांखालची चाळीस-पंचेचाळीस लाखांहून अधिक मुले दरवर्षी जुलाबाने दगावत. आज तो आकडा सुमारे साडेचार लाखांवर आला आहे. स्वच्छ पाणी, संडास, लसी, आयांचे शिक्षण या सर्वांचा त्यात वाटा आहे आणि मीठ-साखरेच्या पाण्याचा मोठा. पण साडेचार लाख हा आकडाही लहान नव्हे. यांतली बहुतेक मुले वाचवता येण्याजोगी असतात.

आईचा प्रश्न

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी दिलीप महालनबीस कोलकात्यात वारले. सत्त्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या निधनाची बातमी मी आईला वाचून दाखवली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. छावणी, पिंपे, पेले सगळे सांगितले. ती ऐकत राहिली.

''कुठल्या साली म्हणालास?''

''एकाहत्तर.''

तिने बोटांवर मोजले. ''म्हणजे शकू गेल्यावर पाच वर्षांनी.''

छप्पन्न वर्षांत तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकले. मी घाईघाईने सांगू लागलो की, सहासष्ट साली हे कुणालाच ठाऊक नव्हते, मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांनाही नव्हते, ढाक्याचा प्रयोगसुद्धा अडुसष्टचा, आजीची काही चूक नव्हती आणि तुझी तर मुळीच नव्हती. सगळ्या तारखा मी पुराव्यासारख्या तिच्यापुढे ठेवल्या.

आई म्हणाली, ''पण ती पाणी मागत होती रे. तिला ठाऊक होतं.''

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. नुसत्या पाण्याने शकू वाचली असती असे विज्ञान छातीठोकपणे सांगत नाही. मीठही हवे होते, साखरही हवी होती. हे मी आईला सांगू शकलो असतो. नाही सांगितले.

गेल्या पावसाळ्यात मुलगा दुसऱ्यांदा केमिस्टकडून आला तो साधे पाकीट घेऊन. मी लिटरचे भांडे मोजून पाणी कालवले. आई भिंतीला धरून बाहेर आली, सोफ्याच्या कडेला टेकली आणि सुनेच्या हातून वाटी-चमचा घेतला. दोन-दोन मिनिटांनी एक चमचा, अशी ती दुपारी चारपर्यंत बसून होती. नातवाने एकदा ओकून काढले. ती दहा मिनिटे थांबली आणि परत सुरुवात केली. संध्याकाळी त्याला भरपूर लघवी झाली आणि तो खिचडी मागू लागला. तिसऱ्या दिवशी पुन्हा घर डोक्यावर घेतले.

आता स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ओआरएसची चार पाकिटे असतात. महिन्याच्या एक तारखेला मी त्यांवरची मुदत तपासतो. आपणही आपल्या घरात दोन तरी ठेवा. किंमत थोडीच असते.